छायाचित्रावरून मोजमाप : लघुरेल्वेसाठी इमारतींची प्रमाणबद्ध उभारणी

लघुरेल्वेचा छंद जोपासणाऱ्यांना इंजिने, डबे आणि रूळ बाजारात तयार मिळतात. अडचण येते ती त्या रुळांच्या कडेला उभ्या राहणाऱ्या इमारतींची. स्थानक, सिग्नल केबिन, मालाचे गोदाम, गेटमनची चौकी यांचे जे जोडणी-संच सहज उपलब्ध असतात, त्यांतील बहुतेक जर्मनी, ब्रिटन किंवा अमेरिकेतील इमारतींवर बेतलेले असतात. बर्फ घसरून पडावे म्हणून उंच, तीव्र उताराची छपरे असलेले ते स्थानक काळ्या पाषाणातील, मंगलोरी कौलांच्या, रुंद वळचणीच्या आपल्या स्थानकाची जागा घेऊ शकत नाही. ज्याला आपल्या तालुक्याचे स्थानक टेबलावर उभे करावयाचे आहे, त्याला ते पुठ्ठा, लाकूड आणि प्लॅस्टिकच्या पत्र्यातून मुळापासूनच घडवावे लागते.

अशा वेळी मूळ नकाशे हाती असतील तर उत्तमच. परंतु सामान्य हौशी माणसाला ते क्वचितच पाहावयास मिळतात. अनेकदा इमारतही पाडली गेलेली असते. उरते ते छायाचित्र. या छायाचित्रातून इमारतीची खरी मापे कशी काढावीत आणि ती प्रतिकृतीच्या प्रमाणात कशी उतरवावीत, याची एक पद्धत आहे. ती शालेय भूमितीपलीकडे जात नाही. मात्र तिचे नियम न पाळल्यास दारातून माणूस जाऊ शकणार नाही, अशी इमारत तयार होते.

प्रमाण म्हणजे काय?

प्रतिकृतीचे प्रमाण म्हणजे खऱ्या वस्तूच्या लांबीशी प्रतिकृतीच्या लांबीचे असलेले गुणोत्तर. जगात सर्वाधिक प्रचलित असलेले ‘एचओ’ प्रमाण १:८७.१ आहे, म्हणजे खऱ्या एका फुटाला प्रतिकृतीत साडेतीन मिलिमीटर. ब्रिटनमध्ये लोकप्रिय असलेल्या ‘ओओ’ प्रमाणात एका फुटाला चार मिलिमीटर, म्हणजे १:७६.२ हे गुणोत्तर येते. जागा कमी असणाऱ्यांसाठी ‘एन’ प्रमाण आहे. ते युरोप-अमेरिकेत १:१६० तर ब्रिटनमध्ये १:१४८ धरले जाते. खरा एक मीटर ‘एचओ’मध्ये सुमारे ११.५ मिमी, ‘ओओ’मध्ये १३.१ मिमी आणि १:१६० च्या ‘एन’मध्ये ६.२५ मिमी होतो. २.१० मीटर उंचीचा दरवाजा या तिन्ही प्रमाणांत अनुक्रमे २४.१, २७.६ आणि १३.१ मिमी उंच होईल.

भारतीय रेल्वेच्या प्रतिकृतीत येथे एक पेच उद्भवतो. ‘एचओ’चे रूळ १६.५ मिमी अंतराचे असतात. कारण ते पाश्चात्त्य देशांतील १४३५ मिमी गेजसाठी ठरविलेले आहेत. आपल्या ब्रॉडगेजचे अंतर १६७६ मिमी असून ते १:८७.१ या प्रमाणात १९.२ मिमी भरते. याचा अर्थ, बाजारातील १६.५ मिमीचे रूळ हे ब्रॉडगेज मानले, तर त्यांचे प्रमाण सुमारे १:१०२ ठरते. इमारतीचे प्रमाण ठरविताना रुळाकडे न पाहता डब्यांकडे पाहावे, हा नियम यातूनच निघतो. पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या जुन्या धाटणीच्या डब्याचा सांगाडा २१.३३७ मीटर लांब असतो. आपल्याकडील प्रतिकृतीतील डबा २४५ मिमी असेल तर तो १:८७.१ या प्रमाणातील आहे. तेव्हा स्थानकही त्याच प्रमाणात असावे. डबा एका प्रमाणात आणि दरवाजा दुसऱ्या प्रमाणात असला, तर पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही. पण काहीतरी चुकले आहे, हे लगेच जाणवते.

छायाचित्र नकाशा का नव्हे?

वास्तुविशारदाच्या दर्शनी आराखड्यात इमारतीचा प्रत्येक भाग एकाच प्रमाणात काढलेला असतो. छायाचित्रात तसे नसते. कॅमेऱ्याच्या जवळची वस्तू मोठी आणि दूरची वस्तू लहान दिसते. वस्तूची प्रतिमा तिच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात बदलते. अंतर दुप्पट झाले की प्रतिमा निम्मी होते. म्हणूनच ‘या छायाचित्राचे प्रमाण किती?’ हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. ‘या छायाचित्रातील या भिंतीचे प्रमाण किती?’ असा प्रश्न विचारला पाहिजे.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, छायाचित्रात ज्याचे खरे माप आपल्याला माहीत आहे, असे काहीतरी एक असलेच पाहिजे. त्याशिवाय इमारतीचा आकार कळेल, आकारमान कळणार नाही. दुसरी गोष्ट अशी की, ते ज्ञात माप आणि आपल्याला हवे असलेले माप ही दोन्ही एकाच प्रतलात, म्हणजे कॅमेऱ्यापासून एकाच खोलीवरच्या सपाट पृष्ठभागात असली पाहिजेत. छायाचित्रावरून मोजमाप करण्याचे सारे शास्त्र या दोन वाक्यांत सामावलेले आहे. पुढील सर्व तपशील म्हणजे त्यांचाच विस्तार होय.

ज्ञात माप कोठे शोधावे?

रेल्वेच्या इमारतींच्या बाबतीत एक सोय अशी की, रेल्वे ही मापांनी बांधलेली संस्था आहे. तिच्या परिसरातील अनेक वस्तूंची मापे ठरलेली असतात.

त्यांतील सर्वांत विश्वासार्ह माप म्हणजे गेज. दोन रुळांच्या आतील कडांमधील १६७६ मिमी, म्हणजे साडेपाच फुटांचे हे अंतर १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या गाडीपासून आजतागायत ब्रॉडगेजवर नाममात्र तेच आहे. रुळांच्या दिशेने घेतलेल्या छायाचित्रात हे माप असे वापरावे : इमारतीची जी आडवी भिंत आपल्याकडे तोंड करून उभी आहे, तिच्या तळापासून रुळांपर्यंत रुळांशी काटकोन करणारी सरळ रेषा काढावी. ती रेषा ज्या ठिकाणी दोन्ही रुळांना छेदते, तेथील रुळांमधील अंतर मोजावे. ते अंतर आणि ती भिंत एकाच खोलीवर असल्याने गेजवरून भिंतीचे माप काढता येते. कॅमेऱ्याच्या पायाशी दिसणारे रुंद अंतर मोजून उपयोग नाही.

मात्र छायाचित्र काढले त्या वर्षी त्या मार्गाचे गेज कोणते होते, हे आधी पाहावे. महाराष्ट्रात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिमी गेजची होती. कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर या मार्गांचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर या शतकात झाले. विदर्भातील मूर्तिजापूर-यवतमाळ आणि मूर्तिजापूर-अचलपूर हा ‘शकुंतला’चा मार्गही ७६२ मिमीचाच. १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान मार्गाचे गेज तर अवघे ६१० मिमी आहे. नॅरोगेजच्या काळातील स्थानकाला ब्रॉडगेजचे माप लावले, तर इमारत दुपटीहून मोठी होईल.

दुसरे माप फलाटाचे. ब्रॉडगेजवरील उंच फलाट रुळाच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिमी उंच असतो. त्यामुळे ८०० मिमी धरून प्राथमिक अंदाज बांधता येतो. परंतु अनेक जुन्या स्थानकांवर फलाट मागाहून उंच केले गेले आणि त्यात इमारतीच्या जोत्याचा काही भाग झाकला गेला, हे लक्षात ठेवावे. जुन्या छायाचित्रात तीन पायऱ्या दिसतात आणि नव्यात एकच, याचे कारण बहुधा हेच असते.

तिसरे माप स्लीपरांचे. आजच्या मुख्य मार्गांवर किलोमीटरला १६६० स्लीपर ही प्रचलित घनता असून दोन स्लीपरांच्या मध्यांमधील अंतर सुमारे ६०० मिमी येते. रुळांना समांतर असलेली फलाटाची लांबी मोजण्यास हे उपयोगी पडते. जुन्या लाकडी किंवा लोखंडी स्लीपरांच्या मार्गांना मात्र हा आकडा लावू नये.

चौथे माप विटांचे. एकच वीट मोजू नये. दहा थर एकत्र मोजावेत, म्हणजे विटांमधील आणि सांध्यांमधील फरक आपोआप सरासरीत निघून जातो. आजची प्रमाणित वीट १९० × ९० × ९० मिमीची असते आणि सांध्यासह तिचा थर १०० मिमी धरला जातो. म्हणजे दहा थरांचा एक मीटर. जुन्या बांधकामातील विटा निराळ्या आकाराच्या असतात. इमारत उभी असेल तर तिच्या दहा थरांची उंची टेपने मोजून घ्यावी. तेवढ्या एका मापावर संपूर्ण भिंत सोडविता येते. घडीव दगडाच्या भिंतीतही, थर एकसारख्या उंचीचे असल्यास, हीच युक्ती चालते.

माणसाच्या उंचीवर विसंबू नये. फलाटावर उभा असलेला हमाल भिंतीच्या किती पुढे उभा आहे, वाकला आहे की ताठ आहे, हे कळत नाही. माणसांचा उपयोग काढलेले माप पडताळण्यापुरता करावा.

लांबीसाठी आणखी एक साधन आता घरबसल्या मिळते. ‘गूगल अर्थ’सारख्या उपग्रह-प्रतिमांत मोजपट्टीची सोय असते. तिने छपराची लांबी-रुंदी मोजता येते. परंतु वरून दिसते ते छप्पर, भिंत नव्हे. दोन्ही बाजूंची वळचण वजा केल्याशिवाय ते माप जोत्याला लावू नये.

हिशेब

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. समजा, एका गोदामाच्या दर्शनी भिंतीचे बरोबर समोरून घेतलेले छायाचित्र आपल्यापाशी आहे. त्याच भिंतीतील दरवाजा २.१० मीटर उंच असल्याचे आपण जागेवर मोजले आहे. संगणकावर तो दरवाजा ४२० पिक्सेल उंच भरतो. म्हणजे एका पिक्सेलला खरे ५ मिमी. भिंतीची लांबी २९०० पिक्सेल आहे. तेव्हा खरी लांबी १४.५ मीटर झाली. तिला ८७.१ ने भागले की प्रतिकृतीतील लांबी १६६.५ मिमी मिळते.

प्रत्येक खिडकीसाठी असा भागाकार करीत बसण्याची गरज नाही. संपूर्ण छायाचित्रच प्रमाणात छापून घेता येते. प्रतिकृतीच्या एका मिलिमीटरमध्ये खरे ८७.१ मिमी, म्हणजे आपल्या छायाचित्रातील १७.४२ पिक्सेल बसतात. इंचात २५.४ मिमी असल्याने १७.४२ ला २५.४ ने गुणावे. ४४२ हा आकडा येतो. ‘गिम्प’सारख्या मोफत मिळणाऱ्या चित्र-संपादकात प्रतिमेचे पिक्सेल न बदलता छपाईची घनता इंचाला ४४२ पिक्सेल अशी ठरविली, की कागदावर उमटणारी भिंत बरोबर ‘एचओ’ प्रमाणातील असते.

संगणकाऐवजी छापील प्रत हाती असेल तर टक्केवारी काढावी. छापील प्रतीत दरवाजा ३१ मिमी भरला आणि आपल्याला तो २४.१ मिमी हवा असेल, तर २४.१ ला ३१ ने भागून शंभरने गुणावे, ७७.७ येतात. झेरॉक्सच्या दुकानात ७८ टक्क्यांवर प्रत काढून घेतली तरी काम भागते.

छापताना एक दक्षता घ्यावी. छपाईच्या खिडकीत ‘पानात बसवा’ अशा अर्थाचा पर्याय बहुधा आधीपासून निवडलेला असतो. तो काढून शंभर टक्के हा पर्याय घ्यावा. शिवाय चित्राच्या कडेला प्रतिकृतीच्या प्रमाणात १०० मिमीची एक आडवी आणि एक उभी रेघ काढून ठेवावी. छापून आल्यावर आधी या रेघा पट्टीने मोजाव्यात. कागद पुढे सरकविताना काही छपाईयंत्रे उभ्या दिशेने किंचित फरक करतात. तो येथेच पकडला जातो.

चूक किती होऊ शकते, याचाही अंदाज असावा. २.१० मीटरच्या दरवाज्याचे माप दोन सेंटिमीटरने चुकले, तर ती चूक सुमारे एक टक्का होते. १४.५ मीटरच्या भिंतीत तीच चूक १४ सेंटिमीटर, म्हणजे प्रतिकृतीत दीड मिलिमीटरपर्यंत वाढते. उलट, भिंतीची संपूर्ण लांबी टेपने मोजली असती आणि तीत दोन सेंटिमीटरची चूक झाली असती, तर दरवाज्यात ती तीन मिलिमीटरही भरली नसती. म्हणून मोठ्या मापावरून लहान माप काढावे. लहानावरून मोठे काढणे नाइलाज असेल तेव्हाच.

व्हरांड्याचा सापळा

आपल्याकडील बहुसंख्य स्थानकांना फलाटाच्या बाजूने व्हरांडा असतो. पुढे खांबांची रांग, मागे तिकीटघराची आणि प्रतीक्षालयाची भिंत. दोन्ही एकाच छायाचित्रात दिसतात. पण त्यांची प्रतले वेगळी आहेत. येथेच सर्वाधिक प्रतिकृती बिघडतात.

समजा, व्हरांड्याची खोली २.४ मीटर आहे आणि छायाचित्र खांबांपासून १२ मीटरवरून घेतले आहे. खांबांचे प्रमाण लावून मागच्या भिंतीतील २.१० मीटरचा दरवाजा मोजला, तर तो केवळ १.७५ मीटर भरेल. म्हणजे १७ टक्क्यांची चूक. हेच छायाचित्र २० मीटरवरून घेतले असते तर दरवाजा १.८८ मीटर, आणि ४० मीटरवरून घेतले असते तर १.९८ मीटर भरला असता. कॅमेरा जितका दूर, तितकी ही चूक कमी. दूर जाऊन झूम करून घेतलेले छायाचित्र जवळून घेतलेल्या छायाचित्रापेक्षा मोजमापास चांगले, ते यासाठीच.

चूक दुरुस्त करण्याचे सूत्र सोपे आहे. कॅमेरा आणि पुढचे प्रतल यांमधील अंतरात मागच्या प्रतलाची खोली मिळवावी आणि त्या बेरजेला मूळ अंतराने भागावे. २० मीटर अंतर आणि २.४ मीटर खोली असेल तर २२.४ भागिले २०, म्हणजे १.१२. मागच्या भिंतीवरील प्रत्येक मापाला १.१२ ने गुणले की खरे माप मिळते. म्हणूनच छायाचित्र घेताना आपण किती अंतरावर उभे होतो, हे टिपून ठेवणे महत्त्वाचे ठरते. अंतर माहीत नसेल तर मागच्या प्रतलातच एखादे वेगळे ज्ञात माप शोधावे.

छपराच्या बाबतीतही असाच सापळा आहे. समोरून पाहिले असता उतरत्या छपराची फक्त उभी उंची दिसते, पाख्याची खरी लांबी दिसत नाही. आढे वळचणीपेक्षा दीड मीटर उंच आणि तीन मीटर मागे असेल, तर समोरून दिसतो तो दीड मीटरच. पण पाख्याची लांबी पायथागोरसच्या सिद्धांताने ३.३५ मीटर येते. ‘एचओ’मध्ये ती ३८.५ मिमी होईल. दर्शनी छायाचित्रावरून थेट छप्पर कापणाऱ्याला ते १७ मिमीचे मिळेल आणि आढ्यापाशी छपराला भोक पडेल. छपराचा उतार नेहमी बाजूच्या त्रिकोणी भिंतीच्या छायाचित्रावरून घ्यावा.

तिरपी आणि जुनी छायाचित्रे

इमारत बरोबर समोरून टिपलेली असेल, असे प्रत्येक वेळी घडत नाही. उंच इमारतीसाठी कॅमेरा वर कलविला की उभ्या रेषा माथ्याकडे एकमेकींजवळ येतात. कोपऱ्यावरून छायाचित्र घेतले की भिंत दूरच्या टोकाकडे निमुळती होते. चित्र-संपादकातील ‘पर्स्पेक्टिव्ह’ हत्याराने भिंतीचे चार कोपरे ओढून आयताच्या चार कोपऱ्यांवर बसविता येतात. मात्र तो आयत किती रुंद आणि किती उंच असावा, हे संगणकाला ठाऊक नसते. म्हणून येथे दोन ज्ञात मापे लागतात. एक आडवे आणि एक उभे. तसेच ही दुरुस्ती केवळ त्या एका सपाट भिंतीपुरती खरी असते. पुढे आलेले खांब आणि खिडक्यांची छज्जे तिच्यामुळे वेडीवाकडी होतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे.

संगणकाशिवायही काम भागविणारी एक जुनी युक्ती आहे. निमुळत्या दिसणाऱ्या भिंतीचे दोन्ही कर्ण काढावेत. ते जेथे छेदतात, तो त्या भिंतीचा खरा मध्य. छायाचित्रात तो मध्य दूरच्या टोकाकडे सरकलेला दिसतो; पण भिंतीवर तो बरोबर निम्म्यावर असतो. प्रत्येक अर्ध्या भागाचे पुन्हा कर्ण काढले, की चतुर्थांश मिळतात. दरवाजा कोणत्या चतुर्थांशात येतो, हे पाहून त्याची जागा ठरविता येते. खांबांमधील खण सारखे असतील तर एक खण मोजून खणांच्या संख्येने गुणणे, हा त्याहून सोपा मार्ग.

पुस्तकात किंवा वृत्तपत्रात छापलेली जुनी छायाचित्रे कधी कधी जागेत बसविण्यासाठी एका दिशेने ताणलेली असतात. त्याची परीक्षा वर्तुळावरून होते. समोरून टिपलेल्या स्थानकाच्या घड्याळाची तबकडी लांबट किंवा चपटी दिसली, तर छायाचित्र ताणलेले आहे असे समजावे आणि तबकडी पुन्हा गोल होईपर्यंत ते दुरुस्त करावे.

कोणत्याही छायाचित्रात एकाच मापावर थांबू नये. किमान तीन निरनिराळी ज्ञात मापे लावून पाहावीत. त्यांतून येणारी उत्तरे दोन टक्क्यांच्या आत जुळत असतील तर सरासरी धरावी. त्याहून अधिक फरक पडत असेल तर सरासरी काढणे ही फसवणूक ठरते. कोणते तरी एक माप वेगळ्या प्रतलातील आहे किंवा चुकीचे आहे, आणि ते शोधून वगळले पाहिजे.

नव्याने छायाचित्रे घेताना

इमारत उभी असेल तर पुढील पथ्ये पाळावीत. प्रत्येक भिंतीचे स्वतंत्र छायाचित्र घ्यावे. कॅमेरा भिंतीच्या मध्यासमोर, भिंतीशी काटकोनात आणि शक्यतो तिच्या निम्म्या उंचीवर धरावा. मोबाइलमधील अतिविस्तृत कोनाचे भिंग वापरू नये. त्याने चित्राच्या कडांजवळील सरळ रेषा वाकतात किंवा आकार ताणले जातात. लांबलचक इमारत एका चित्रात मावत नसेल तर भिंतीला समांतर सरकत, एकमेकांवर तिसरा हिस्सा चढेल अशी छायाचित्रे घ्यावीत. आभाळ भरून आलेला दिवस उत्तम. कडक उन्हात वळचणीची सावली खिडक्यांचे माथे गिळून टाकते.

सोबत दोन मीटरची एक लाकडी पट्टी न्यावी. तिच्यावर दर दहा सेंटिमीटरला आलटून पालटून काळा-पांढरा रंग द्यावा. ही पट्टी भिंतीला टेकवून उभी करावी; भिंतीपुढे हातात धरू नये. व्हरांडा असेल तर एकदा खांबाला आणि एकदा मागच्या भिंतीला टेकवून अशी दोन छायाचित्रे घ्यावीत. दरवाज्याची रुंदी, जोत्याची उंची, व्हरांड्याची खोली आणि भिंतीची जाडी ही चार मापे टेपने घेऊन वहीत उतरवावीत. भिंतीची जाडी छायाचित्रात कधीच नीट दिसत नाही.

स्थानकाच्या आवारात काम करण्यापूर्वी स्टेशन मास्तरांना भेटून परवानगी घ्यावी. समोरून छायाचित्र मिळविण्यासाठी रुळांत उतरू नये. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार विनापरवाना प्रवेश हा गुन्हा आहे, आणि मागून येणारी गाडी छायाचित्र पूर्ण होण्याची वाट पाहत नाही. समोरचा फलाट किंवा पादचारी पूल या जागा पुरेशा असतात.

कागदावरून पुठ्ठ्यावर

प्रमाणात छापलेली चारही बाजूंची चित्रे हाती आली की ती शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. दोन भिंती जेथे मिळतात, तेथे दोन्ही चित्रांतील उंची जुळलीच पाहिजे. जुळत नसेल तर कापण्यापूर्वी हिशेब तपासावा. कागद स्वस्त असतो.

त्यानंतर साहित्याच्या जाडीचा विचार येतो. दोन मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्यातून चार भिंती कापून, बाजूच्या भिंती पुढच्या आणि मागच्या भिंतींच्या मध्ये बसवावयाच्या असतील, तर बाजूच्या भिंतींची लांबी चार मिलिमीटरने कमी करावी. हे विसरल्यास इमारत खऱ्या मापाने सुमारे ३५ सेंटिमीटर जास्त खोल होते. दगडी भिंतीची खरी जाडी ४६ सेंटिमीटर असेल तर ‘एचओ’मध्ये ती ५.३ मिमी येते. संपूर्ण भिंत तेवढी जाड करण्याची गरज नसते. दारे-खिडक्यांच्या आत तेवढ्या रुंदीच्या पट्ट्या डकविल्या की भिंतीचा भक्कमपणा दिसू लागतो.

जागेच्या अभावी इमारत आखूड करावी लागली तर ती आक्रसून घेऊ नये. साठ मीटरची इमारत ‘एचओ’मध्ये ६८९ मिमी होते, ती मावत नसेल तर दोन-तीन खण गाळावेत, पण उरलेल्या खणांची, दारांची आणि पायऱ्यांची मापे अबाधित ठेवावीत. फलाटाच्या बाबतीत तर तडजोड अटळच आहे. हुबळी स्थानकावरील १५०७ मीटर लांबीचा, जगातील सर्वांत लांब म्हणून ओळखला जाणारा फलाट ‘एचओ’ प्रमाणातही १७.३ मीटर भरेल. लांबीत तडजोड चालते, दरवाज्यात चालत नाही. कारण पाहणारा स्वतःला मनातल्या मनात त्या दरवाज्यात उभा करून पाहत असतो.

या छंदाचा सुसज्ज नमुना ज्यांना पाहावयाचा असेल, त्यांच्यासाठी पुण्यात कोथरूड परिसरात भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले आणि १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झालेले लघुरेल्वेचे संग्रहालय आहे. गाड्यांइतकेच तेथील इमारतींकडे, त्यांच्या दारांच्या आणि डब्यांच्या उंचीच्या मेळाकडे लक्ष देऊन पाहिल्यास बरेच शिकता येते.

मापे राहतात तेव्हा

छायाचित्रावरून इमारत मोजण्याची कल्पना छंदातून आलेली नाही. १८५८ साली जर्मनीतील वेट्झलार येथील कॅथेड्रलची मापे घेताना अल्ब्रेख्ट मेयडेनबाउअर हा तरुण अभियंता उंचावरून पडता पडता वाचला. भिंतींवर चढून मोजण्याऐवजी छायाचित्रांतून मोजता येईल, हा विचार त्याने त्या प्रसंगानंतर पुढे नेला. १८८५ मध्ये बर्लिन येथे त्याच्या नेतृत्वाखाली या कामासाठी सरकारी संस्था स्थापन झाली आणि तिने महत्त्वाच्या इमारतींची मोजण्याजोगी छायाचित्रे जमविण्यास प्रारंभ केला. दुसऱ्या महायुद्धात त्यांतील कित्येक इमारती उद्ध्वस्त झाल्या, तेव्हा पुनर्बांधणी करणाऱ्यांना याच काचेच्या पट्ट्यांवरील छायाचित्रांचा आधार मिळाला.

आज मोबाइलने घेतलेल्या पन्नास-शंभर छायाचित्रांतून संगणक इमारतीचे त्रिमितीय चित्र उभे करतो. परंतु निव्वळ छायाचित्रांवरून त्यालाही आकारच कळतो. इमारत दहा मीटरची की दहा सेंटिमीटरची, हे सांगण्यासाठी त्यालाही एक ज्ञात माप पुरवावे लागते. दीडशे वर्षांत साधने बदलली, तो नियम बदललेला नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अमृत भारत स्थानक योजनेत देशभरातील १३०० हून अधिक स्थानके पुनर्विकासासाठी निवडली गेली. प्रवाशांना त्याचा लाभ आहेच. पण पुनर्विकासात स्थानकाचे जुने रूप बदलते, आणि कोठे केबिन, कोठे गोदाम नाहीसे होते. अशा इमारतींची छायाचित्रे अनेकांच्या संग्रही असतील. मोजता येतील अशी मात्र थोडीच असतील. म्हणून जुनी इमारत टिपताना भिंतीला एक पट्टी टेकवावी आणि छायाचित्रासोबत तारीख, ठिकाण, उभे राहिल्याचे अंतर आणि एक खरे माप लिहून ठेवावे. प्रतिकृती आपण करू न करू. ज्याला पुढे कधी ती करावीशी वाटेल, त्याला तेवढ्या चार ओळी पुरतात.